खांद्यावर किती ओझं?

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या छायाचित्रण-शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



शूटिंगला जाताना सोबत काय काय न्यायचं, असा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारला आहे. कॅमेरा कोणता, लेन्स किती, ट्रायपॉड हवा की नको? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो तेवढाच नाही. ओझं किती आणि ते कोण उचलणार, हा बाईच्या आयुष्यातला फार जुना प्रश्न आहे. घागर, सरपण, कडेवरचं मूल, कोयत्यावर गेल्यावर डोक्यावर उसाची मोळी. आता त्यात कॅमेऱ्याच्या बॅगेची भर पडणार असेल, तर आधी नीट विचार करायला हवा.

बाईला ओझं झेपत नाही म्हणून कॅमेरा पुरुषाच्या हाती, हे आपण खूप ऐकलं. ते खोटं आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकल्या, १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या. साडी नेसून, खांद्यावर जडशीळ कॅमेरा अडकवून त्या सायकलवरून कामाला जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. म्हणजे ताकदीचा प्रश्न नव्हताच. प्रश्न असा आहे की, जे उचलायचं ते कामाच्या उपयोगाचं आहे का?

दुसरं उदाहरण आपल्या भाषेतल्या बायांचं. १९८० मध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोझ काँट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा चित्रपट गट सुरू केला. पुण्याच्या घरकामगार स्त्रियांवर ‘मोलकरीण’ (१९८१) आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ (१९८२) हे लघुपट त्यांनी केले. तेव्हा १६ मि.मी.ची फिल्म वापरत. चारशे फुटांचं एक रीळ जेमतेम ११ मिनिटं चालायचं, मग बदलायचं. फिल्म महाग. त्यामुळे कॅमेरा सुरू करण्याआधी बायांशी बोलणं, काय दाखवायचं ते त्यांच्यासोबत ठरवणं, याला वेळ द्यावाच लागे. आज फोनमध्ये तासन् तास चित्रण मावतं. पण आधी बसून बोलण्याचं काम कुठलाही फोन करून देत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आपली ये-जा एसटीने. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पण बसायला जागा मिळेलच असं नाही. फाट्यावर उतरून पुढे तांड्यापर्यंत पायपीट. उन्हाळ्यात पाण्याची बाटली आधी, कॅमेरा नंतर. म्हणून माझा पहिला नियम असा : जेवढं एकटीला उचलून, उभ्याने, दोन तास नेता येईल तेवढंच घ्या. त्याहून जास्त घेतलं की गाडी लागते, गाडीसाठी पैसे लागतात, बऱ्याचदा सोबत पुरुष लागतो. मग कुठे जायचं आणि कधी परतायचं, हेही दुसराच ठरवतो.

दुसरा नियम : कामाप्रमाणे सामान.

मोर्चाला जाताना दोन्ही हात मोकळे हवेत. फोन, पॉवर बँक, रिकामं मेमरी कार्ड, बस्स. ट्रायपॉड गर्दीत अडकतो, आणि धावपळ झाली तर तो सोडून पळताही येत नाही.

श्रमाचं चित्रण वेगळं. वसमत भागात हळद काढणीला आली की बाया दिवसभर शेतात वाकलेल्या. पुढे हळद शिजवायची वाफ, वाळवणं, पॉलिशची धूळ. तिथे लेन्स बदलायला कॅमेरा उघडला की पिवळी धूळ आत गेलीच म्हणून समजा. एकच लेन्स लावून जा. लांबचं हवं असेल तर चार पावलं पुढे जा. जवळ गेलात की बोलणंही होतं. एक सुती फडकं मात्र विसरू नका.

तिसरं, एखादी बाई आपल्यावर बेतलेलं सांगते तेव्हा. इथे सामानातली सर्वांत मोलाची वस्तू कॅमेरा नाही, माईक आहे. कॉलरला लावायचा छोटा माईक वजनाला काहीच नाही. चित्र थोडं अंधुक चालेल, पण तिचे शब्दच ऐकू आले नाहीत तर काय उरलं? मोठा कॅमेरा, दिवे, स्टँड हे सगळं तिच्या खोलीत मांडलं की दारात गल्ली गोळा होते. ज्या घरात सासू-दीर पलीकडेच बसलेत, तिथे हे सामान तिच्या जिवावर बेतू शकतं.

आणि इथे कायदाही लक्षात ठेवा. बलात्कारपीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी. अल्पवयीन मुलीबाबत पोक्सोचं कलम २३ आहे. चेहरा झाकला पण मागे घराची पाटी दिसली, तरी ओळख पटते. हात दाखवा, पाठ दाखवा, नुसता आवाज घ्या. तोही ओळखू येणारा असेल, तर तिचं म्हणणं दुसरीच्या आवाजात घ्या.

आता उलट बाजू. कमी सामान म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. एकच फोन, त्यात दहा टक्के चार्ज, मेमरी भरलेली, आणि समोर ती बाई पहिल्यांदाच तोंड उघडते आहे. तिला ‘पुन्हा सांगा’ म्हणायचा आपल्याला हक्क नाही. म्हणून आदल्या रात्री फोन रिकामा करा, चार्ज करा, सोबत वायर घ्या. गावात वीज असेलच हे गृहीत धरू नका. चित्रण पुरावा म्हणून कोर्टात लागेल असं वाटलं, तर मूळ फाइल आणि तो फोन जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं.

फोनने काय होतं, ते बुंदेलखंडच्या ‘खबर लहरिया’ने दाखवलं आहे. २००२ मध्ये चित्रकूटला सुरू झालेलं हे ग्रामीण बायांचं पत्र पुढे मोबाइलवर चित्रण करू लागलं. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत होता.

तेव्हा गटात बसून सामानाची एक सामायिक पेटी करा : एक बरा कॅमेरा, दोन माईक, एक ट्रायपॉड, दोन पॉवर बँक. कोण काय नेतं त्याची वही ठेवा. प्रत्येकीने सगळं विकत घेण्याची गरज नाही. आणि निघताना बॅग उघडून प्रत्येक वस्तूला विचारा : ही त्या बाईच्या कामाची आहे, की मी कुणीतरी मोठी आहे हे दाखवण्याच्या? दुसरं उत्तर आलं, तर ती घरीच राहू द्या.