यंत्राची कृती
(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'तू नक्की करतेस काय?' हा प्रश्न माझी आईसुद्धा वीसेक वर्षं विचारते आहे. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं ती बिल्डिंगमध्ये सांगते, त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडकला की बोलावणं मला येतं.

तर सांगते. नवं यंत्र कोरं असतं. त्याच्यावर लिनक्स टाकायचं, घड्याळ भारतीय वेळेला लावायचं, डेटाबेस बसवायचा, कोणाला काय उघडता येईल ते ठरवायचं. अशा शंभर-दीडशे गोष्टी असतात. एका यंत्राला हे हाताने करायला अख्खा दिवस जातो. आता यंत्रं दोनशे असली तर? म्हणून त्या सगळ्या सूचना एका फाईलमध्ये ओळीखाली ओळ लिहून ठेवतात आणि यंत्रालाच त्या वाचायला लावतात. ही झाली शेल स्क्रिप्ट. आणि असं तयार झालेलं एक यंत्र जसंच्या तसं, ठसा घेतल्यासारखं जपून ठेवलं की ती झाली इमेज. पुढची यंत्रं त्या ठशावरून काही मिनिटांत उभी राहतात.

ही विद्या काही नवी नाही. बोर्न शेल १९७९ साली आलं, म्हणजे साधारण आपल्याच वयाचं. आज सगळीकडे वापरतात ते बॅश १९८९चं, तेव्हा आपण चौथीत होतो. आपण दहावीचा निकाल घेऊन बाहेर पडलो त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलने मुंबईत सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. मला त्याचा पत्ता नव्हता. मी त्या दिवशी बहुतेक अकरावीच्या प्रवेशाची रडारड करत होते.

मला ही विद्या शिकवली ती पावसाने.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. मी तेव्हा मरोळला एका छोट्या कंपनीत होते. मुलुंडहून घाटकोपरला लोकल, तिथून ३४० नंबरची बस. मेट्रो यायला अजून नऊ वर्षं होती. आमचं ऑफिस औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर. दुपारी तीनला पाणी पायरीवर होतं, पाचला टेबलाच्या उंचीवर. आम्ही सगळे वरच्या मजल्यावरच्या शिवणकामाच्या कारखान्यात रात्र काढली. तिथल्या बायकांनी आम्हाला चहा आणि पाव दिला. दुसऱ्या दिवशी पवईवरून, कांजूर, भांडुप करत चालत घरी गेले. तुमच्यापैकी निम्म्यांकडे त्या रात्रीची अशीच एक गोष्ट असेल, म्हणून लांबवत नाही.

तीन सर्व्हर बुडाले. पण माहिती वाचली होती. बॅकअपच्या टेप हिशेबनिसाच्या माळ्यावरच्या कपाटात कोरड्या होत्या. साहेब म्हणाले, मग झालं! नवी यंत्रं आली, तीही चार दिवसांत. आणि मग कळलं की माहिती आहे, पण ती ठेवायची कुठे आणि कशी, हे कोणालाच ठाऊक नाही. जुनी यंत्रं ज्याने लावली होती तो मार्चमध्येच बंगळूरला गेला होता. कुठली आवृत्ती, कुठला फोल्डर, कुठल्या फाईलमधली कुठली ओळ बदललेली, सगळं त्याच्या डोक्यात. तो भला माणूस. रोज रात्री फोनवर आठवून आठवून सांगायचा. 'अरे हो, त्यात अजून एक केलं होतं...' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आजही कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो. सगळं पूर्ववत व्हायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत मी दोनशे पानी वहीत सगळं लिहून काढलं. लिहिताना मला सारखी आपली प्रयोगवही आठवत होती. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. बाई, तुम्ही माझ्या वहीत लाल पेनाने तीनच शब्द लिहायचात: 'किती?', 'कशात?', 'मग?' मी लिहायची, 'आम्ल घेतले.' त्यावर तुमचं 'किती?' तेव्हा राग यायचा. त्या वहीवरूनच माझी पहिली स्क्रिप्ट झाली, आणि यंत्र बाईंपेक्षा कडक निघालं. ते 'किती?' विचारतसुद्धा नाही, भलतंच काहीतरी करून मोकळं होतं.

दोन गमती सांगते. एक म्हणजे, सूचना दोनदा चालली तरी बिघडता कामा नये. 'दिव्याचं बटण दाब' असं लिहिलं आणि स्क्रिप्ट अर्ध्यात थांबली म्हणून पुन्हा चालवली, तर दिवा बंद होतो. म्हणून लिहायचं, 'दिवा लागलेला नसेल तर लाव.' दुसरी गंमत ठशाची. लोक म्हणतात, इमेज म्हणजे मोदकाचा साचा. नाही हो. साच्याला स्वतःची ओळख नसते, यंत्राला असते. त्याचा ओळखक्रमांक, त्याच्या गुप्त किल्ल्या. ठसा घेण्याआधी त्या पुसल्या नाहीत, तर नव्या टॉवरमधल्या सगळ्या फ्लॅटना बिल्डरने एकच किल्ली दिल्यासारखं होतं. हे पुसायचं काम कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच राहतं.

आता जे सांगणार आहे ते आधी कुठे बोलले नाही.

२०१२ साली मी दुसऱ्या एका कंपनीत होते, वरच्या जागेवर. इमेज बनवण्याची स्क्रिप्ट माझी होती. त्यात शेजारी शेजारी दोन ओळी होत्या. पहिली: अमुक फोल्डरमध्ये जा. दुसरी: इथलं सगळं पुसून टाक. तात्पुरत्या फाईली साफ करायला. आता ऐका. शेलचा स्वभाव असा आहे की एक ओळ फसली तरी ते कुरकुर करतं आणि पुढची ओळ चालवतं. 'माळ्यावर जा आणि तिथलं सगळं फेकून दे' असं सांगितलं, माळ्याची शिडी सापडली नाही, तर ते हॉलमध्ये उभं राहून हॉल रिकामा करतं. एका रात्री आमच्याकडे नव्याने लागलेल्या, विदर्भातून आलेल्या मुलाने ती स्क्रिप्ट चालवली. त्या यंत्रावर तो फोल्डर नव्हता. चाचणी विभागाचं तीन आठवड्यांचं काम गेलं.

सकाळी बैठकीत त्याला उभं केलं. तो म्हणाला, 'मॅडमची स्क्रिप्ट चालवली, जशी दिली तशी.' सगळ्यांनी धरून चाललं की त्यानेच काहीतरी चुकीचं टाइप केलं असणार. मलाही तेव्हा तसंच वाटलं, हे अगदी खरं. पण दुपारी चारच्या सुमारास मी स्क्रिप्ट उघडली आणि त्या दोन ओळी दिसल्या. चार वाजता दिसल्या. आणि मी बोलले दुसऱ्या दिवशी अकराला. मधल्या वेळात मी घरी गेले, जेवले, मुलीचा अभ्यास घेतला. त्या मुलाने त्याच संध्याकाळी माफीचं पत्र लिहून दिलं होतं.

मी सांगितल्यावर साहेब म्हणाले, ठीक आहे, पुढे काळजी घ्या. त्याचं पत्र त्याच्या फाईलमधून कुणी काढलं नाही. मीही मागे लागले नाही. तीन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. नंतर मी त्याला पत्र लिहिलं, त्याचं दोन ओळींचं, नम्र उत्तर आलं.

दुरुस्ती किती होती? एक ओळ. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट मायनस ई' लिहायचं, म्हणजे एक पायरी चुकली की तिथेच थांब. त्याला 'यू' जोडायचं, म्हणजे आधी ठरवूनच न दिलेलं नाव दिसलं तरी थांब. आणि 'जा' व 'पुस' या दोन सूचना एकमेकींना बांधून टाकायच्या: गेलास तरच पूस. २०१५च्या जानेवारीत स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीत याच जातीची चूक सापडली. फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि पुसायची सूचना थेट यंत्राच्या मुळापासून सुरू झाली. लोकांच्या फाईली गेल्या. ते वाचून मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

असो. आता कामाचं.

गेल्या महिन्यात शाळेच्या संगणक खोलीत जाऊन आले. यंत्रं आहेत, पण प्रत्येक वेगळं. एकावर मराठी टंकलेखन चालतं, शेजारच्यावर नाही. संगणकाच्या मॅडम दर सुट्टीत आठवडाभर एकेक यंत्र हाताने लावत बसतात. आणि त्या पुढल्या वर्षी निवृत्त होताहेत. मला एकदम मरोळ आठवलं.

आपल्या तुकडीच्या निधीतून वीस नवी यंत्रं येताहेत. त्यांच्यासाठी मी स्क्रिप्ट लिहिली आहे. पेन ड्राइव्ह लावायचा, यंत्र सुरू करायचं, बाकी ते स्वतः करतं: लिनक्स, लिबरऑफिस, इनस्क्रिप्ट कळफलक, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस. घरी एका जुन्या यंत्रावर चालवून पाहिली. पहिल्या दोन वेळा फसली, कारण मधेच ते 'हो की नाही?' विचारून वाट पाहत बसलं आणि मी स्वयंपाकघरात. आता सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवली आहेत.

स्क्रिप्टमध्ये # या चिन्हापुढे लिहिलेलं यंत्र वाचत नाही, माणसं वाचतात. तिथे मी प्रत्येक पायरीला मराठीत लिहिलंय, हे का केलं. मी असेन नसेन, मॅडम असतील नसतील, दहावीतल्या चांगल्या पोराला ते वाचून बदल करता आला पाहिजे. कुणाला शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह फुकट आहेत.

दिवाळीच्या सुट्टीतला पहिला शनिवार, सकाळी नऊ वाजता, संगणक खोली. वायरी ओढायला आणि खोकी उघडायला निदान सहा जण हवेत. डबा आपापला आणा, चहा माझ्याकडे. बाई, तुम्हीही याच. स्क्रिप्टची छापील प्रत घेऊन येते, लाल पेन तेवढं तुम्ही आणा.