सव्वा रुपया आणि नारळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा सातवीपर्यंतच, तीही रिसोडकडच्या एका खेड्यात. परंतु यंदा 'आपला आवडता कलावंत' या विषयावर बोलण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी माझी निघाली, तेव्हा सुटका नाही. माझ्याआधी बोलल्या त्या भगिनींनी गाणाऱ्यांची नावे घेतली. मी गाणाऱ्याच्या बाजूला बसून साथ करणाऱ्या एका माणसाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव प्रभाकर जोग. ते व्हायोलिन वाजवीत.

जोगांचा जन्म १९३२ सालचा, नगर जिल्ह्यातला. घरची परिस्थिती बेताची. गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांची तालीम त्यांना मिळाली. पण शिकून तयार होईपर्यंत थांबावे, अशी सवड घराला नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षीच पुण्यातल्या वाड्यांमधून ते कार्यक्रमांत वाजवू लागले. बिदागी किती, तर सव्वा रुपया आणि नारळ! आपल्याकडे सत्यनारायण सांगणाऱ्या भटजींना जे देत, तेच या मुलाच्या हातावर पडे. मला तर वाटते, त्या घरात नारळसुद्धा वाया गेला नसेल.

पुढे १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडक्यांच्या चाली. त्याच्या साथीला जोगांचे व्हायोलिन होते. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे. पुढे रंगमंचावर गीतरामायणाचे शेकडो प्रयोग झाले, तेथेही ते होते. बाबूजींचे सहाय्यक म्हणून त्यांनी वाद्यमेळाची जुळणी केली. हे काम काय असते, ते मला अलीकडेच समजले. गाण्याची चाल एकाची असते. पण मधल्या जागेत बासरी वाजावी की सतार, कोणी केव्हा गप्प बसावे, हे दुसऱ्या कोणाला तरी ठरवावे लागते आणि प्रत्येकाला लिहून द्यावे लागते. पंगतीत कोणाच्या पानात काय केव्हा वाढायचे हे पाहणारी बाई असते ना, तसे. जेवणारे नाव घेतात ते आचाऱ्याचे.

मुंबईला जाऊन हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातही ते वाजवू लागले. स्वतः चाली लावल्या. मालती पांडे यांनी गायिलेले 'लपविलास तू हिरवा चाफा' त्यांच्याच चालीचे. यशवंत देवांनी लिहिलेले 'स्वर आले दुरूनी' हेही त्यांचेच, आणि ते गायिले कोणी, तर ज्यांच्या साथीला ते बसत त्या बाबूजींनी! हे कळले तेव्हा मला फार गंमत वाटली.

आमच्या यजमानांनी लग्नानंतर एकदा अकोल्याहून 'गाणारं व्हायोलिन'ची कॅसेट आणली होती. त्यात गाणारे कोणी नाही, नुसते वाद्य. तरी शब्द ऐकू येतात. मी पोळ्या लाटता लाटता त्याबरोबर गाणे म्हणत असे. या वाद्याला सतारीसारखे पडदे नसतात, बोट कोठे ठेवायचे ते कानानेच ठरवायचे. गाणारा जेथे श्वास घेईल तेथे गज थांबला पाहिजे, एक शब्द तुटू नये म्हणून एकाच ओढीत आला पाहिजे. गाणे पाठ असल्याखेरीज हे जमायचे नाही. आयुष्यभर गाणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांनी ते पाठ केले, असे मी समजते.

आता हे सारे मी का सांगते, ते तुमच्यापैकी काही जणींच्या लक्षात आलेच असेल. मागल्या वर्षी माझा भिशीचा नंबर लागला, तेव्हा पैशांचे काय केले असे सर्वांनी विचारले आणि मी हसून वेळ मारून नेली. त्यांचे मुलीला जुने व्हायोलिन घेतले. ती ज्यांच्याकडे शिकते त्यांनी बजावले आहे, की राग एके राग; ऑर्केस्ट्रात वाजवायचे असेल तर माझ्याकडे यायचे नाही. इकडे एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी लग्नसराईसाठी तिला विचारले आहे. सासूबाई म्हणतात, "पोरीले काय बाजात बसवतं का वं?" आपल्या गल्लीतही बोलणे झाले, माझ्या कानावर आले, म्हणून येथे उघड बोलते. राग कोणावर नाही. रात्री उशिरा परत येण्याची काळजी मलाही आहे, म्हणून पहिल्या कार्यक्रमाला मी स्वतः सोबत जाणार आहे.

पण बाजात वाजविल्याने शास्त्र बाटते, हे मला पटत नाही. गजाननराव जोशी स्वतः मोठे गवई असून व्हायोलिनही वाजवीत. दोन्ही विद्या त्यांच्यापाशी सुखाने नांदल्या. आणि जोगांनी वाड्यातले कार्यक्रम, रेडिओ, चित्रपट काहीच कमी मानले नाही. ते ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात वारले. त्या रात्री मुलीने मोबाइलवर त्यांचे वादन लावले. जेवणे झाली तरी आम्ही ताटांवरून उठलो नव्हतो. व्हायोलिन पाहिजे असे ती पहिल्यांदा म्हणाली ते तेव्हाच.

शिकविणाऱ्यांशी मी अजून बोललेले नाही. येत्या रविवारी जाऊन बोलेन. त्यांनी नाहीच म्हटले तर दुसरे कोणी पाहावे लागेल, आणि वाशिमात ते सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. कोणाच्या माहितीत शिकविणारे असतील तर कळवावे.

अध्यक्षीणबाईंनी हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या भजनाला तिची साथ घ्यायचे कबूल केले आहे. खुर्ची नको, ती खाली बसून वाजवते. सतरंजी मी घरून आणीन.