सायकली गाडीमागे बांधताना



आम्ही सिडको-हडकोतल्या काही जणी दर रविवारी सकाळी सायकली चालवतो. आज त्यातल्याच एका अडचणीविषयी बोलणार आहोत. सायकली शहराबाहेर न्यायच्या कशा? घरापासून म्हैसमाळ चाळीसेक किलोमीटर, अजिंठा शंभर, लोणार तर दीडशेच्या घरात. आमच्यातली प्रत्येक जण एवढं अंतर चालवू शकत नाही. पण खुलताबादपर्यंत गाडीने गेलं आणि तिथून म्हैसमाळचा बारा-तेरा किलोमीटरचा चढ सायकलने चढला, तर पन्नाशीतल्या मैत्रिणीलाही ते जमतं. शिवाय पडेगाव-मिटमिट्याची मालट्रकची गर्दी टळते.

आमच्यातल्या एकीच्या घरी पिकअप आहे, डबल केबिनची. पाच जणी आत बसतात, मागे हौदा. आता तुम्ही म्हणाल, हौदा आहे तर रॅक कशाला? प्रश्न रास्त आहे. डबल केबिनच्या गाडीचा हौदा साधारण पाच फुटांचा असतो आणि सायकल पावणेसहा फुटांची. ती तिरकी उभी करावी लागते. तीन सायकली ठेवल्या की हँडल एकमेकांत अडकतात, पेडल शेजारणीच्या सायकलचा रंग खरवडतं, आणि पाण्याचा कॅन, पंप, डबे कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. सगळ्यात अवघड म्हणजे सायकल छातीपर्यंत उचलून फाळक्यावरून आत घ्यावी लागते. ते काम आजवर कुणाचे तरी यजमान किंवा मुलगा करत असे. त्यांना सुट्टी नसली की आमचा रविवारही गेला.

म्हणून रॅक घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही एकच अट घातली. आमच्यातली जिचा खांदा दुखतो, तिला दुसऱ्या एकीच्या मदतीने आपली सायकल चढवता आली पाहिजे. किंमत, रंग, कंपनी हे सगळं त्यानंतर. या एका अटीने निम्मे पर्याय आपोआप गळाले. टपावरचा रॅक पहिला गेला. पिकअपचं टप आपल्या डोक्याच्या वर, तिथे सायकल चढवणार कोण? त्यात दौलताबादच्या जुन्या दरवाजासारख्या कमानीखालून जाताना उंचीची धाकधूक वेगळीच.

उरला तो गाडीच्या मागे, हिचमध्ये बसणारा रॅक. हिच म्हणजे गाडीच्या चासीला खालून बसवलेली मजबूत आडवी पट्टी आणि तिच्या मधोमध एक चौकोनी तोंड. त्या तोंडात रॅकचा दांडा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. ही मूळ अमेरिकेतली पद्धत. तिथे दोन इंची चौकोनी तोंड सर्रास असतं, लहान गाड्यांना सव्वा इंची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हे तोंड नसतं, ते वेगळं बसवून घ्यावं लागतं. मागे जो दोरी बांधून ओढायचा हूक असतो, तो म्हणजे हिच नव्हे. बंद पडलेली गाडी ओढण्यापुरताच तो असतो, त्यावर रॅक टांगू नका.

आपलं शहर कारखान्यांचं आहे. वाळूजला, चिकलठाण्याला लोखंडाचं कोणतंही काम करून मिळतं, आणि कुणीतरी नक्की सांगतं, "ताई, बंपरला पाइप वेल्ड करून देतो, काम झालं." नको. बंपर वजन झेलण्यासाठी केलेला नसतो. हिच चासीलाच, बोल्टने बसवलेली हवी. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, ८.८ किंवा १०.९. तो त्या बोल्टची ताकद सांगतो. आकडाच नसलेला बोल्ट अशा कामाला घेऊ नये. गाडीखाली वाकून आकडा पाहायला लाजू नका. आम्ही पाहिला, आणि मिस्त्री नंतर आमच्याशी जरा सांभाळून बोलू लागला!

आता वजनाचं. साधी घरगुती लेडीज सायकल अठरा-वीस किलोची भरते, गिअरची तेरा-पंधरा, बॅटरीवरची वीस-पंचवीस. तीन सायकली आणि रॅकचं स्वतःचं वीस-पंचवीस किलो धरलं तर पाऊणशे किलो सहज होतात. पण नुसती बेरीज करून भागत नाही. भरलेली घागर कमरेवर घेतली तर आपण विहिरीवरून घरापर्यंत येतो. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलंही जाववत नाही. रॅकचं तसंच आहे. गाडीपासून जेवढं दूर, तेवढा हिचवर ताण जास्त, आणि खड्ड्यात गाडी आदळली की तो आणखी वाढतो. अजिंठ्याच्या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं तेव्हा खड्डे काय असतात ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. म्हणून हिचवर उभं वजन किती चालतं आणि रॅकवर दर सायकलीमागे किती चालतं, हे दोन्ही आकडे विचारा आणि त्यातला लहान तो खरा माना. जड सायकल नेहमी गाडीच्या बाजूला. बॅटरीवरच्या सायकलची बॅटरी काढून आत ठेवा, तेवढीच दोन-चार किलो कमी.

रॅकमध्ये मुख्य दोन जाती. एकात सायकल दांड्याने टांगतात, दुसऱ्यात चाकं पन्हळीत उभी करतात. टांगायचा रॅक स्वस्त आणि हलका, म्हणून दुकानदार आधी तोच दाखवतो. पण तो बनवला आहे दांड्याच्या सायकलीसाठी. आपल्या बहुतेकींच्या सायकली बिनदांड्याच्या. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी मिळतात त्याही अशाच, पुढे टोपलीवाल्या. त्या टांगायच्या तर सीट आणि हँडल यांच्यामध्ये वेगळा नकली दांडा लावावा लागतो, आणि वीस किलोची सायकल त्यावर लोंबकळत, हेलकावे खात जाते. आम्हाला ते पटलं नाही. पन्हळीच्या रॅकमध्ये सायकल साधारण गुडघ्याएवढीच उचलायची. आधी पुढचं चाक, मग मागचं. वरून एक आकडा चाकावर किंवा सांगाड्यावर दाबून बसतो, आणि चाकं पट्ट्यांनी आवळायची. कार्बनच्या महागड्या सायकलीला आकडा चाकावरच बसणारा हवा, सांगाडा आवळून चालत नाही.

पिकअपसाठी आणखी एक गोष्ट पाहाच. सायकली चढवलेल्या असतानाही रॅक मागे झुकला पाहिजे, नाहीतर फाळका उघडत नाही आणि डबे हौद्यातच अडकून पडतात. दुकानात रॅक जोडून, फाळका खाली पाडून पाहा. सगळ्यात पुढच्या सायकलचं हँडल फाळक्याला घासतं का, तेही तिथेच कळतं. आणि सायलेन्सरचं तोंड टायरच्या समोर येऊ देऊ नका, गरम धुराने टायर खराब होतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, पण हे सोडून देऊ नका. रॅकवर सायकल आडवी राहते. डबल केबिनच्या मोठ्या पिकअपची रुंदी सहा फुटांच्या आसपास, त्यात पावणेसहा फुटांची सायकल मावते. छोटा हत्ती जेमतेम पाच फूट रुंद, त्याच्यामागे ती दोन्हीकडून बाहेर येईल. बाजूने किंवा मागे मर्यादेबाहेर माल गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे २० हजार रुपये दंड आहे. गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२अ मध्ये दर बदलाला ५ हजार रुपये. म्हणून हिच बसवण्याआधी गाडीचं आरसी पुस्तक आणि रॅकचा फोटो घेऊन आरटीओत विचारून या. सायकली चढवल्यावर नंबरप्लेट, मागचे लाल दिवे आणि इंडिकेटर मागच्या गाडीला दिसले पाहिजेत. ते झाकले जात असतील तर तो रॅक तुमच्या गाडीसाठी नाही, कितीही आवडला तरी.

छोटा हत्तीवाल्या मैत्रिणींनी मात्र हिरमुसू नये. त्याचा हौदा सातेक फुटांचा, सायकल सरळ उभी राहते. जुन्या गोधड्या आणि चांगल्या सुती दोऱ्या घेतल्या की रॅकचा खर्चच वाचला. हौद्यात माणसं बसवू नका, एवढंच.

आम्ही शेवटी तीन सायकलींचा झुकणारा पन्हळीचा रॅक घेतला, दोन सायकली हौद्यात. टांगायच्या रॅकपेक्षा बराच महाग पडला. पाच जणींनी भिशीतून पैसे काढले. पहिल्यांदा दोघींनी मिळून तीन सायकली चढवल्या, तेव्हा खांदेदुखीवाली मैत्रीण म्हणाली, "आता घरी कुणाला उठवायला नको."

चालवताना लक्षात ठेवा, गाडी मागे तीन फुटांनी लांब झाली आहे. रिव्हर्स घेताना एकीने खाली उतरावं. उंच गतिरोधकावर आणि घाटाच्या तोंडाशी गाडी हळू घ्या, रॅकचं मागचं टोक जमिनीला टेकतं. सायकलींवर ताडपत्री बांधू नका, ती शिडासारखी वारा धरते. आणि निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर एकदा थांबाच, कारण धक्क्यांनी पट्ट्या सैल होतात. वेरूळच्या वाटेवर आम्ही शरणापूर फाट्याला थांबतो. रॅक दोन्ही हातांनी हलवून पाहतो, पिन आणि तिची क्लिप पाहतो, पट्ट्या पुन्हा आवळतो, एक जण मागे उभी राहून ब्रेकचे दिवे लागतात का ते ओरडून सांगते. तेवढ्यात कुणीतरी चहा सांगितलेला असतो.