कोलू पाटलाच्या पाळीवर

दुरून आलेले लेखक आणि वाचक, आणि काल मध्यरात्रीपर्यंत मांडवाच्या दोऱ्या ताणणाऱ्या आमच्या गावच्या पोरांनो,

नवेगावबांधमध्ये आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत.

साहित्य संमेलनाच्या स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक करायचं, जेवणाची वेळ सांगायची आणि खाली बसायचं, ही रीत मला माहीत आहे. मी धान पिकवणारा माणूस, रीत मोडणार नाही. पण आज सकाळी तलावाच्या पाळीवर फिरून आलेले बरेच पाहुणे मला म्हणाले, "काय निसर्ग लाभलाय तुम्हाला!" ऐकून बरं वाटलं आणि थोडं खटकलंही. डोंगर निसर्गाचे, जंगलही निसर्गाचं. हे पाणी मात्र माणसांनी माती वाहून अडवलेलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय तुमचं स्वागत पुरं होणार नाही.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने हा तलाव बांधला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात आणि जुन्या गॅझेटियरमध्येही तसंच लिहिलं आहे. भोवतालच्या शिखरांना आम्ही सात बहिणी म्हणतो. बांधाच्या कामाला देवता मानलेल्या या बहिणींचा हात लागला अशी श्रद्धा आहे. तलावाच्या मधोमध दिसते ती मालडोंगरी. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाला आणि आजही पुजला जातो. पाटबंधारे बांधणाऱ्याला देव करणारी गावं फार नसावीत. अलीकडचे बंधारे पाहता पुढेही फार होणार नाहीत! ज्यांनी मातीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या त्यांना मात्र ना देऊळ मिळालं, ना कागदावर नाव. आजचं पहिलं वंदन त्यांना.

इतका खटाटोप का केला असेल? आमच्या भागात पाऊस भरपूर पडतो. अडचण वेगळीच असते. धानाची रोवणी झाली, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, हिरव्या झाल्या, लोंबी भरायची वेळ आली, की नेमका तेव्हाच पाऊस हात आखडतो. त्या पंधरा-वीस दिवसांत बांधीत पाणी नसेल तर दाणा पोचट राहतो आणि वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून दोन डोंगरांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ घालायची, जंगलातून उतरणारं पाणी साठवायचं, तुडूमातून हवं तेवढं खाली सोडायचं आणि जास्तीचं सांडव्यावरून पुढच्या तलावाला द्यायचं. त्याखाली शेताशेतातल्या छोट्या बोड्या. कोहळी समाजातली मंडळी ऊसही लावत, त्यामुळे त्यांना पाण्याची गरज दुप्पट. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, असं गोंड राजांचं धोरण होतं म्हणतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव उभे राहिले. सरकारी कागदात ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. आमचा त्यांतला थोरला, सुमारे ११ चौरस किलोमीटरचा.

१९५१ साली मालगुजारीची जमीनदारी गेली. ती गेली हे चांगलंच झालं. त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही, बेगारीच्या गोष्टी आमच्याही घरात सांगितल्या जात. पण मालगुजारासोबत तलावाभोवतीची सगळी घडीच विस्कटली. पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचं हे पूर्वी गावातले चार जण पाळीवर उभे राहून ठरवत. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकला की तलाव खोल होई आणि शेतही पोसलं जाई. आता पाण्याचा मालक एक विभाग, मासोळीचा दुसरा, काठावरच्या झाडाचा तिसरा, बोटीचा चौथा. पाळीला भगदाड पडलं तर ते कोणाचं, हे ठरेपर्यंत पाणी थांबत नाही. त्यात तलावांत बेशरमाची झुडपं माजली, गाळ साचला. लोकांनीही हात झटकले, हे मी आपल्याच माणसांसमोर म्हणतो आहे, राग नसावा.

मात्र याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मासोळी धरणाऱ्या ढिवर बायामाणसांनी काही तलावांत काय केलं ते साहित्यिकांनी जरूर पाहून जावं. रोहू-कटल्याचं बीज टाकून उत्पन्न वाढेल असं त्यांना सांगितलं गेलं होतं. टाकलं, पण जुनी देशी मासोळी कमी होत गेली. मग म्हाताऱ्या ढिवरांना विचारून, कोणती मासोळी कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालते, काय खाते, याची उजळणी झाली. बेशरम उपटली, तळ नांगरून मऊ केला, पाण्यातली झाडं हातांनी लावली, जसे आपण धानाचे पऱ्हे लावतो तशी. त्यानंतर मासोळी वाढली, मागोमाग पक्षीही आले. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. शिंगाडा तोडणाऱ्या आणि देवधान झाडून आणणाऱ्या माणसांकडे ते होतं.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली सोलापूरचे, वनाधिकारी म्हणून इथे आले आणि इथल्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांच्या मागे रानात फिरले. 'नवेगावबांधचे दिवस' त्यातूनच आलं. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आपलाच माणूस मोठा झाल्यासारखा आनंद इथे झाला. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या पुस्तकांतली पाखरं वाचून लोक आजही गावात येतात. पाखरांची नावं सांगणारे ढिवर आणि गोंड मात्र त्यांना क्वचितच भेटतात. या दोन दिवसांत तेवढी भेट घडावी म्हणून आम्ही परिसंवादाच्या मंचावर त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत. बोलीत बोलतील, तुम्ही कान लावून ऐका.

१९७५ साली भोवतालचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल वाचलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. ज्यांना त्यापायी गाव सोडावं लागलं, त्यांची हकीकत लिहायला अजून कोणी बसलेलं नाही. मांडवात इतके कथाकार आहेत म्हणून सांगून ठेवतो. सारसाचीही गोष्ट लिहायला हवी. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आता आमच्या गोंदिया जिल्ह्यात उरलेत, तेही मूठभर. जोडीने बांधीत घरटं केलं की शेतकरी तेवढा तुकडा तसाच सोडतो, धान कमी आलं तरी. मी स्वतः अशी बांधी सोडलेल्यांशी बोललो आहे. "अंडी होती ना," एवढंच उत्तर मिळतं.

आता रीतीप्रमाणे जेवणाचं. नव्या धानाचा भात, लाखोळीची डाळ आणि पोपटाच्या दाण्यांची भाजी. पोपट म्हणजे आमच्याकडे वालाच्या शेंगा, पाहुण्यांनी घाबरू नये. मासोळी खाणाऱ्यांची पंगत शाळेच्या मागे आहे. रात्री दहाला झाडीपट्टीचं नाटक उघडेल आणि पहाटेपर्यंत चालेल. ज्यांना झोप प्यारी त्यांनी दुपारीच उरकून घ्यावी. शाली कमी पडल्या तर स्वयंसेवकांना सांगा, पाण्याकाठची थंडी अंगात लवकर शिरते.

उद्या सकाळी सहाला पाळीवर जायचं आहे. पायी. गाड्या पाळीवर चढवू नका, मातीचं काम आहे ते. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर गावातल्या पोरांचे डोळे उधार मिळतील.

मी उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करून संमेलनाचं उद्घाटन करावं.