ताऱ्यांचे ठोके



संगीत म्हटले की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. त्या वादात मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते एका वादनातल्या खगोलशास्त्राविषयी आणि त्यामागे उभ्या असलेल्या एका मुलीविषयी.

फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिसे यांनी फक्त सहा तालवादकांसाठी तासाभराची एक रचना केली. ती 1991 मध्ये ब्रुसेल्सला प्रथम वाजली. मध्ये श्रोते, सभोवती वादक आणि ध्वनिवर्धकातून येणारे दोन ताऱ्यांचे ठोके! अवकाशातून आवाज येत नाही, हे आठवीतला मुलगाही सांगेल. येतात त्या रेडिओलहरी. दुर्बिणीने टिपून त्यांचा ध्वनी केलेला असतो. मोठा तारा फुटल्यावर उरलेला, जेमतेम वीसेक किलोमीटर रुंदीचा गोळा गरगर फिरतो आणि दीपगृहासारखा त्याचा झोत आपल्यावरून जातो. हाच पल्सार. या दोघांपैकी एक 5 सेकंदांत 7 ठोके देतो. विद्यार्थ्यांनो, घड्याळ समोर ठेवून बाकावर वाजवून पाहा, रूपक तालाचे एक आवर्तन होईल. दुसरा, वेला, सेकंदाला 11 ठोके देतो. तिथे बोटे हरतात.

पहिला पल्सार 1967 मध्ये केंब्रिजच्या जोसेलिन बेल या 24 वर्षांच्या विद्यार्थिनीला सापडला. लहानपणी तिच्या शाळेत विज्ञान मुलांना आणि स्वयंपाक-भरतकाम मुलींना, अशी वाटणी होती. तिच्या आईवडिलांनी व इतर पालकांनी हरकत घेतली, तेव्हा तिला विज्ञान शिकता आले. नरखेडच्या पालकांनो, दहावी झालेल्या मुलीला “आता पुढे कशाला?” असे विचारण्यापूर्वी ही हरकत आठवा. 1974 चे नोबेल तिला नव्हे, तिच्या मार्गदर्शकांना मिळाले. पुढे 2018 मध्ये 30 लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले, ते तिने भौतिकशास्त्रात मागे राहिलेल्या गटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले.

हे सारे परदेशातलेच असे समजू नका. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण पल्सारांचा वेध घेते. शिवाय वेला पॅरिसच्या क्षितिजावर कधीच येत नाही, आपल्याकडे येतो. फेब्रुवारीत इशाच्या नमाजनंतर, नऊच्या सुमारास, मुलामुलींना घेऊन गच्चीवर जा. पल्सार डोळ्यांना दिसणार नाहीत, पण एक उत्तरेकडे असेल आणि वेला दक्षिणेकडे, संत्र्यांच्या बागांवर.