तरुण ताऱ्यांची गणना

(रिछाई, जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राचा अभ्यासक ताऱ्यांविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु गणनेच्या अडचणी सर्वत्र सारख्याच असतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे निश्चित करण्यासाठी २००२ च्या पाहणीत १३ निकष लावण्यात आले; तरीही काही गरजू कुटुंबे यादीबाहेर राहिली आणि काही सधन कुटुंबे आत शिरली. तरुण ताऱ्यांच्या सूचीतही हे दोन्ही दोष आढळतात.

नवजात तारा धुळीने वेढलेला असतो. ही धूळ त्याचा दृश्य प्रकाश अडविते, स्वतः तापते आणि अवरक्त किरण उत्सर्जित करते. म्हणून अवरक्तात अपेक्षेहून अधिक तेजस्वी तो तरुण, असा ढोबळ निकष रूढ झाला. १९९७ ते २००१ या काळात ॲरिझोना व चिली येथील १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी संपूर्ण आकाश पाहून सुमारे ४७ कोटी बिंदुवत स्रोत नोंदविले. त्यानंतर २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने आकाशगंगेचा पट्टा न्याहाळला. त्या निरीक्षणांतून २००८ साली सुमारे १९ हजार लालसर स्रोतांची सूची सिद्ध झाली. सूचीकारांच्याच अंदाजानुसार त्यांपैकी ३० ते ५० टक्के स्रोत तरुण नसून, आयुष्याच्या अखेरीस धूळ बाहेर टाकणारे वृद्ध तारे आहेत. बालक आणि वृद्ध एकाच वेषात!

वगळले जाण्याचा दोष याहून अवघड आहे. येथील औद्योगिक क्षेत्रात पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकावरील कामगार दुरून मोजून पाहा. दोघांचा एक होतो. स्पिट्झरचा आरसा केवळ ८५ सेंटिमीटरचा होता. दाट तारकासमूहातील निकटचे तारे तिला एकच दिसत आणि तेजस्वी वायुमेघात मंद तारे लोपत. म्हणजे जेथे जन्म सर्वाधिक, तेथेच नोंद सर्वांत अपुरी. या सूचीच्या आधारे २०१० मध्ये काढलेला आकाशगंगेतील तारानिर्मितीचा दर वर्षाला ०.६८ ते १.४५ सूर्यवस्तुमान असा आहे. दुपटीहून अधिक अंतर असलेला हा अंदाज परीक्षेत एकच आकडा म्हणून लिहू नये.

पडताळणीसाठी वर्णपट घ्यावा लागतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हान्ले येथील २ मीटर आणि देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणींसाठी अवरक्त वर्णपटमापक उभारले, ते अशाच कामी येतात. मात्र हजारो स्रोतांसाठी इतक्या रात्री उपलब्ध होणे कठीण. म्हणून नमुना तपासून त्रुटीचे प्रमाण काढतात व ते मूळ सूचीस लावतात. नमुन्यात गर्दीचे प्रदेश कमी आले, तर दुरुस्त आकड्यातही तीच तूट उरते.