मोटारीत पाणी येते कुठून?



कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी मोटार २००० सालच्या सुमारास बंद झाली. ज्या गाड्या उरल्या, त्यांची रबरे आता म्हातारी झाली. आमचीही त्यातलीच. भर पावसात नाशिकहून इगतपुरीला गेलो, तो पायाखाली पाणी! आम्ही पुढच्या काचेचे रबर बदलून मोकळे झालो. पाणी येतच राहिले. शेवटी चटई उचलली, तर पत्रा गंजून पापड झालेला.

पाणी दिसते एकीकडे, शिरते दुसरीकडे. तेव्हा आधी शोधा. चटया काढून आतून सारे कोरडे पुसा. एकाने विजेरी घेऊन आत बसावे. दुसऱ्याने बाहेरून झारीने पाणी घालावे. खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे. आधीच वरून ओतले, तर सगळेच भिजते. मग काय कळणार, कपाळ?

आमचा चोर दारात सापडला. काचेच्या फटीतून दारात थोडे पाणी जायचेच. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी भोके असतात. ती मातीने बुजली होती, म्हणून पाणी आत सांडत होते. भोके तारेने मोकळी केली. पत्र्याला मात्र वेल्डिंगचे ठिगळ लावावे लागले. वर गंजरोधक रंग दिला, तो वाळल्यावरच चटई टाकली.